पुस्तकातल्या म्हातारीबद्दल लोक काय म्हणतात

२ जुलै, बुधवार

शेजारची जिनल आज जाडजूड पुस्तक घेऊन आली. कॉलेजला जाते पोरगी, पण घरात वाचता येत नाही — तिची आजी प्रेमकुंवरबाई दिवसभर टीव्हीवर प्रवचन लावते, आवाज रस्त्यापर्यंत. म्हणून माझ्या ओट्यावर येऊन बसते. बसू दे. वाचताना बोलत नाही, पण घरात माणूस दिसतं.

पुस्तकावर धुराचा घोडा काढलेला. वर नाव — 'मुठीबाहेरचं राज्य'. म्हणाली, आजी, सगळे हेच वाचताहेत, चार महिन्यांत पाच वेळा छापलं. परीकथा आहे, पण मोठ्या माणसांची. मी म्हटलं, मोठ्या माणसाला उचलायला परी कशी पुरेल, क्रेन मागव.

ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा पुस्तक हातात घेतलं. छापील मला वाचता येतं. चौथी झालेय. बोट ठेवून वाचते, पण वाचते.

खाली लिहिणारीचं नाव — दिपमाला पुनम.

बापाचं नाव नाही. आडनाव नाही.

वरण करपलं आज.

३ जुलै, गुरुवार

दिपमाला नावाच्या पोरी खंडीभर असतील. पुनम नावाच्या आयाही. जगात काय एकच जोडी आहे?

फोटो नाही पुस्तकात. आतल्या पानावर एवढंच — लेखिका पुण्यात राहतात, हे त्यांचं पहिलं पुस्तक.

४ जुलै, शुक्रवार

जिनलला म्हटलं, सांग तरी काय गोष्ट आहे. ती खूश. सांगतच सुटली.

एक राज्य. तिथे दर वर्षी एक म्हातारी राज्यातल्या माणसांच्या नावानं गव्हाच्या मुठी टाकते. ज्याची मूठ पडली तो राज्यातला. ज्याची नाही पडली तो हळूहळू लोकांना दिसेनासा होतो. एका पोरीचा बाप मरतो. त्या वर्षी म्हातारी मुठी टाकते आणि पोरगी विचारते, माझी मूठ? म्हातारी म्हणते, तुझी मूठ तुझ्या बापाबरोबर गेली. पोरगी दिसेनाशी होते. मग रान, धुराचा घोडा, न मोजलेल्या माणसांचं गाव, आणि ती तिथली राणी.

जिनल म्हणाली, "काय डोकं आहे आजी हिचं. असं कुणाला सुचेल?"

सुचायचं काय त्यात. ते वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द.

उठले. चहा टाकला.

५ जुलै, शनिवार

लिहून टाकते. सांगायला कुणी नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

कुंदन माझा एकच मुलगा. सतरा वर्षांमागे जेठात काविळीनं गेला. श्रावणात कानबाई देवी आली. आमची कानबाई गावाकडे बसते, शिंदखेड्याजवळ, दिराच्या घरी — निंबा भाऊंच्या. तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य काढायचं, दळायचं, त्याचे रोट. आमच्यात बायका आणि पोरी नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या मुठीत खातात. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. मुठी टाकायचं काम घरातल्या मोठ्या बाईचं. म्हणजे माझं.

कुंदन नाही म्हणजे त्याची मूठ नाही. मग त्याची बायको पुनम आणि पोरगी कुणाच्या मुठीत खाणार? निंबा भाऊ साधा माणूस. म्हणाले, "मनी मूठमा खातीन, काय बिघडस?"

मी नाही म्हटलं.

नवरा गेल्यापासून मी स्वतः भाऊंच्याच मुठीत खात होते, तरी. पुनमवर राग होता. नवऱ्याला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नंतर कळलं, तोच जात नव्हता, झाडपाल्याचं औषध घेत बसला होता. नंतर कळून काय करायचं.

नऊ वर्षांची दिपमाला. पुढ्यात कोरं ताट. सगळे खाताहेत. तिनं विचारलं आणि मी ते बोलले.

त्याच आठवड्यात मायलेकी गेल्या. पुनमनं पुढे पुण्यात दुसरं लग्न केलं. चांगलं केलं. मी पत्र टाकलं नाही, तिनंही नाही. एवढंच आहे. जास्त काही नाही.

६ जुलै, रविवार

आज जिनल म्हणाली, चला माझ्याबरोबर, घरात बसून काय करता. इथे देवपुरातल्या वाचनालयात दर रविवारी दहा-बारा जण जमतात, एकेक पुस्तक घेऊन त्याच्यावर बोलतात. या महिन्यात हेच पुस्तक. गेले. एकादशी होती, भगर सकाळीच झाली होती, दुसरं काम नव्हतं.

भूपेंद्र सर म्हणून रिटायर मास्तर आहेत, ते सगळ्यांना बोलू देतात आणि मग स्वतः दुप्पट बोलतात. म्हणाले, भाषा चांगली, घोडा चांगला, पण आजी अशी नसते. आपल्याकडे आजी म्हणजे माया. ही परदेशातली चेटकीण आहे, लेखिकेनं तिला नऊवारी नेसवली, बस.

मी त्यांच्या समोरच बसलेली. नऊवारीत.

एक तरुण सून होती. म्हणाली, मुलाला रोज वाचून दाखवते, घोड्याचं प्रकरण दहा वेळा झालं, पण मुठीचं पान आलं की दोन पानं एकदम उलटते. एकदा विसरली तर मुलगा म्हणाला, आई, आपली आजी पण मोजते का. सगळे हसले. सासू असेल घरात, ती काही हसली नसेल.

एक टोपीवाले आबा तावातावानं बोलले. ही आपल्या कानबाईच्या रोटाची चेष्टा आहे म्हणाले, असं छापू देऊ नये. सर म्हणाले, आबा, ही कल्पनेतली गोष्ट, रोटाचा काय संबंध. आबांनी टोपी सारखी केली. एवढ्या माणसांत ते एकटे बरोबर होते.

जिनलची पाळी आली तर म्हणते, "पुस्तक मला फार आवडलं. फक्त शेवटी त्या म्हातारीला विहिरीत ढकलायला हवं होतं."

येताना तिनंच माझा हात धरला, रस्ता ओलांडायला.

९ जुलै, बुधवार

जिनलचं वाचून झालं, पुस्तक माझ्याकडे ठेवून गेली. दिवसाला वीस-बावीस पानं होतात. जास्त केलं की डोळ्यांत पाणी येतं — चष्म्याचा नंबर जुना आहे.

पोरगी लिहिते बरी. उगाच फुलं-पाखरं करत बसत नाही. रानात पोरीला भूक लागते तेव्हा कळण्याची भाकरी आठवते तिला, वर ठेचा. पुण्यात राहून विसरली नाही.

१० जुलै, गुरुवार

म्हातारीच्या हनुवटीवर तीळ दिलाय. केस असलेला.

तो कशाला द्यायचा?

१३ जुलै, रविवार

परत वाचनालय. आज ललित म्हणून बँकेतला पोरगा बोलला. चांगलं बोलतो, हात हलवत नाही. म्हणाला, सगळे म्हातारीला शिव्या देताहेत पण पुस्तकात खरं माणूस तीच आहे. राणी काय, कुठल्याही परीकथेत असते. आणि म्हणाला, म्हातारीलाही लहानपणी कुणी मोजलं नसेल, म्हणून ती तशी झाली. बायका लगेच हळहळल्या. सरसुद्धा मान हलवायला लागले.

मनात म्हटलं, गप रे बाबा. मला मोजलं होतं. बापानं मोजलं, नवऱ्यानं मोजलं, सासूनं तर ताटात जास्त वाढलं. मला कुणी काही केलं नव्हतं. तरी मी केलं. त्याला काय म्हणशील?

सरांनी विचारलं, आजी, तुम्ही काहीच बोलत नाही, तुम्हाला काय वाटलं? मी म्हटलं, अजून वाचून झालं नाही.

१५ जुलै, मंगळवार

जिनलनं मोबाईलवर दाखवलं, लोक पुस्तकाला तारे देतात. पाचपैकी. तिनं वाचलं, मी ऐकलं.

एक बाई नाशिकची — पाच तारे, सुट्टी काढून वाचलं, घोडा गेला तेव्हा जेवले नाही. एक माणूस — एक तारा, घोडा जास्त, गोष्ट कमी. एक — दोन तारे, मुठीचा प्रसंग ओढूनताणून, कुठली आजी असं बोलेल. एक — पाच तारे, माझी आजी अशीच होती, मेली, बरं झालं. एक — तीन तारे, कारण पुस्तक आलं तेव्हा कोपरा दुमडलेला होता.

हजारावर माणसं आहेत म्हणे. हजार माणसं माझ्यावर बोलून गेली आणि दारात एक चप्पल नाही.

जिनलला विचारलं, पुस्तक लिहिणारी हे वाचत असेल? म्हणाली, सगळे वाचतात, नाही म्हणतात पण वाचतात.

१९ जुलै, शनिवार

आज कुणी बोललं नाही. दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवून गेला.

२० जुलै, रविवार

पाऊस म्हणून वाचनालयात गेले नाही. प्रेमकुंवरबाई आल्या, गुडघे धरत. त्यांच्या मते असल्या पुस्तकांनी पोरी बिघडतात. जिनल जेवताना घोड्याशी बोलते म्हणाल्या. निर्मलकुमारला — म्हणजे मुलाला — सांगून तिचा मोबाईल बंद करायला लावते म्हणाल्या. बरंच बोलल्या. मग उठता उठता हळूच विचारलं, "तो घोडा परत येतो का हो? जिनलनं अर्धंच सांगितलंय."

मी म्हटलं, येतो. बसल्या पुन्हा. त्यांना घोड्याचं प्रकरण वाचून दाखवलं, बोट ठेवून. तास गेला. त्या म्हणाल्या, बाकी तुमच्या या म्हातारीचं काही खरं नाही. मी म्हटलं, माझी कशी? त्या म्हणाल्या, वाचताय तुम्ही म्हणून म्हटलं.

२७ जुलै, रविवार

संपलं.

शेवट असा — राणी परत येते. सोन्याच्या जाळीनं तोंड झाकलेलं. म्हातारी दारात बसलेली. राणी विचारते, या घरात मोजायला किती? म्हातारी म्हणते, एक. राणी घोडा वळवते. पुढे कोरं पान.

वाचनालयात नुसता कालवा. निम्मे म्हणतात, शेवट काळजाला लागतो. निम्मे म्हणतात, फसवणूक आहे, चारशे पानं वाचून हातात काय. ललित म्हणतो, यापेक्षा चांगला शेवट होऊच शकत नाही. भूपेंद्र सर म्हणाले, पण मला एक सांगा, नात समोर उभी आहे आणि आजी ओळखत नाही, हे पटतं का?

आज मी बोलले. पहिल्यांदाच. म्हटलं, "सर बरोबर आहेत. आजी ओळखते. तोंड झाकू दे, अंगावर घोंगडी घेऊ दे. चालीवरून ओळखते. आवाजावरून ओळखते. पोरगी इथे चुकली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर खूश. ललित म्हणाला, आजी, चुकली नसेल, मुद्दाम केलं असेल. मी म्हटलं, चुकली.

घरी येऊनही बरं वाटत राहिलं. एवढं मोठं पुस्तक, पाच वेळा छापलेलं, आणि चूक मला सापडली. बाकी सगळं खरं लिहिलं, तिथे मी काही बोलू शकत नाही. पण हे नाही. ती दारात आली असती तर मी ओळखलं असतं. हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे.

४ ऑगस्ट, सोमवार

तीन दिवस गावी होते. कानबाई बसली, आज वाजत-गाजत गेली. निंबा भाऊ थकलेत. खाटेवरूनच म्हणाले, "ये वहिनी, बठ्ठा उनात." सगळे आलेले खरे. सुरतची मंडळीसुद्धा.

मुठी आता मी टाकत नाही. गुडघ्यांवर बसवत नाही. निंबा भाऊंची सून कोकिळा टाकते. मी बाजूला पाटावर बसून बघत होते. नवलची टाकली — नवल तिचा नवरा. निंबा भाऊंची. मग तिनं आपल्या दोन्ही पोरींची नावं घेतली आणि दोन मुठी टाकल्या. सव्वा सव्वा.

मी म्हटलं, हे काय? कोकिळा म्हणाली, पाच-सहा वर्षं झाली अक्का, आता पोरींचीपण टाकतो. मोठी रडली एकदा, तेव्हा आबाच — म्हणजे निंबा भाऊ — म्हणाले टाक. माझंही नाव घेते मी. तुमचंही टाकते की दर वर्षी.

कुणी भांडलं नाही. देवी कोपली नाही. भाऊबंद बसून बोलणी झाली नाहीत. पोरगी रडली आणि मूठ टाकली. एवढंच होतं ते! मी दर वर्षी येते आणि दर वर्षी देवघरापाशी फुलं लावत बसते, म्हणून मला दिसलं नव्हतं. किंवा बघितलं नव्हतं.

मग कोकिळा सूप घेऊन माझ्याकडे वळली. म्हणाली, अक्का, तुमच्याकडून किती?

गहू समोर. तिचा हात परातीवर. घरातले आठ-दहा जण बघताहेत. जिभेवर होतं.

म्हटलं, एक.

रोट गोड झाले होते. ताटातले सगळे संपवले. टाकत नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

एक म्हणाले. तिनं पुस्तकात लिहिलं तसंच.

७ ऑगस्ट, गुरुवार

जिनल धावत आली. रविवारी जळगावला लेखिकेचा कार्यक्रम आहे. भूपेंद्र सरांनी गाडी केली, सात जणांची. हिचं नाव होतं, पण राखीला मामाकडे दोंडाईच्याला जायचंय, घरचे ऐकत नाहीत. रडवेली झाली होती. म्हणाली, आजी, माझ्या जागेवर तुम्ही जा. आणि पुस्तकावर माझ्या नावानं सही आणा. जिनल लिहायला सांगा, नुसती सही नको.

पुस्तक तिचंच. माझ्याकडे असतं म्हणून काय माझं होत नाही.

म्हटलं, जाईन. तिला चूक पण सांगेन, शेवटाची. जिनल म्हणाली, सांगा ना, सर तर घाबरतील.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हिरवी नऊवारी काढली. परत ठेवली. करड्या रंगाची काढली. कुणी पाहुणी चाललीय का मी.

आरशात तीळ बघितला. कात्रीनं केस कापला.

१० ऑगस्ट, रविवार

जाऊन आले. पाय सुजलेत. जेवले नाही, दूध घेतलं. नीट लिहिते.

पारोळ्यापर्यंत गाडीत माझ्यावरच चर्चा — म्हणजे म्हातारीवर. तरुण सून म्हणत होती, तिला पश्चात्ताप झालेला दाखवायला हवा होता. सर म्हणाले, तसा माणसाला होतोच. ललित म्हणाला, झाला तरी दाखवायचा कुणाला, घरात कुणी आहे कुठे? एरंडोलला चहा प्यायलो. मला खिडकी दिली होती. सगळे फार अदबीनं वागले माझ्याशी.

सभागृह भरलेलं. पोरं, म्हातारे, कडेवर लेकरं. मागे उभे होते लोक. मला ललितनं तिसऱ्या रांगेत बसवलं.

ती बाजूच्या जिन्यानं वर चढली आणि मी ओळखलं. नाव पुकारायच्या आधी. चढताना हात मांडीवर टेकते, कुंदन टेकायचा तसा. कपाळही त्याचंच. बाकी पुनम. म्हटलं होतं ना मी — चालीवरून ओळखते!

बोलते कमी. लोकांनी प्रश्न विचारले. एका लहान पोरीनं विचारलं, धुराच्या घोड्याला जेवायला काय देतात. कुणी विचारलं, पुढचा भाग केव्हा. मग एक जाड बाई उठल्या, हातात माईक घट्ट धरून. म्हणाल्या, तुम्ही समस्त आज्यांना बदनाम केलंत, अशी दुष्ट म्हातारी दाखवून मुलांना काय शिकवता? निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्यांनी त्यांना खाली बसवलं.

दिपमालानं माईक जवळ घेतला. मग म्हणाली, "दुष्ट आहे असं पुस्तकात कुठे लिहिलंय, दाखवा मला. ती काय बोलली तेवढंच लिहिलंय मी. दुष्ट तुम्ही म्हणताय."

बाई बसल्या. माझ्या शेजारी तरुण सून डोळे पुसत होती. मी सरळ बसले होते.

मग सहीची रांग. पाऊण तास उभी. ललित म्हणाला आजी मी आणतो, मी नाही म्हटलं. मनात जुळवत होते — बाई, तुझा शेवट चुकलाय, आजी ओळखते. एवढंच बोलायचं, आणि जिनलचं नाव सांगायचं.

टेबलापाशी पोचले. ती मान खाली घालून पुस्तक घेते, विचारते, लिहिते. माझं घेतलं. विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?"

म्हटलं, "नातीच्या."

"नाव काय नातीचं?"

जिनल म्हणायचं होतं. तोंडातून निघालं — "दिपमाला."

तिचा पेन थांबला. वर बघितलं. मीही बघितलं. हनुवटीकडे बघितलं तिनं, मग डोळ्यांकडे. मला वाटलं आता काही म्हणेल. मागे पन्नास माणसं. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ. फुंकर मारली शाईवर. पुस्तक दोन्ही हातांनी दिलं.

तिथला पोरगा म्हणाला, पुढे चला आजी.

चूक सांगायची राहिली.

ओळखलं नाही तिनं. नऊ वर्षांची होती, कसं ओळखेल. दिपमाला नावाच्या नाती खंडीभर असतील, मीच म्हटलं होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

पुस्तक पिशवीतच आहे. हातानं लिहिलेलं मला पटकन लागत नाही. आणि लागायचं काय त्यात, शुभेच्छा असेल. सगळ्यांना तेच लिहीत होती.

जिनलला काय सांगू? तिच्या पुस्तकावर दुसऱ्याच पोरीचं नाव.

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रेमकुंवरबाईंनी विचारलं, कशी आहे दिसायला? म्हटलं, चारचौघींसारखी.

१३ ऑगस्ट, बुधवार

जिनल आली. म्हटलं, माझी चूक झाली, रागव हवं तर. तिनं पान उघडलं, मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग उरलेलं हळू आवाजात वाचलं —

'आजी, दोन वर्षांमागे मे महिन्यात मी फाटकाशी आले होते. नातवंडं किती, विचारलं. एकही नाही, म्हणालीस. आज एक सांगितलीस.'

त्या दिवशी भर दुपार होती. खांद्याला पिशवी, उन्हानं तोंडाला ओढणी गुंडाळलेली. मला वाटलं, सरकारी माहिती घेणारी कुणी असेल, परक्या माणसाला कशाला घरचं सांगा. फाटकाची कडीसुद्धा काढली नाही मी.